शनिवार-रविवारची भिंत

सासर सोडून परत आल्यापासून हेडक्लार्कांच्या मुलीने आईबापांकडे एकच गोष्ट मागितली होती. दार.

"मला एक दार पाहिजे," ती म्हणाली होती, "आतून लावता येईल असं." आणि पुन्हा दिवाणावर तोंड फिरवून आडवी झाली होती.

मागणी अवाजवी नव्हती. घरात दारं होती, नाही असं नाही. पण एक बाहेरचं, एक झोपायच्या खोलीचं आणि एक न्हाणीघराचं. झोपायच्या खोलीत हेडक्लार्क आणि त्यांची बायको. मुलगी हॉलमधल्या दिवाणावर. दूधवाला, इस्त्रीवाला, वरच्या मजल्यावरच्या बाई, जो येईल तो तिच्या उशाशी उभा राहून बोलायचा आणि जाताना तिच्याकडे बघून चुकचुकायचा. रडायचं म्हटलं तर न्हाणीघर तेवढं उरलं होतं. सुरुवातीला ती नळ सोडून रडायची. मग टाकी रिकामी व्हायची आणि वरच्या मजल्यावरचे लोक अंगावरच्या साबणासकट खाली भांडायला यायचे. शेवटी तिने नळ सोडणं बंद केलं आणि त्याबरोबर रडणंही. घरावर अशी अवकळा आली की साधं भांडं खाली ठेवतानाही बायकोचा हात कचरायचा.

हेडक्लार्क निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते, पण हुद्दा नावासारखा चिकटून राहिला होता. मुलीचं स्थळ त्यांनीच शोधलं होतं. मुलाची नोकरी, घर, प्रकृती, सवयी, शेजाऱ्यांचं मत, सगळं त्यांनी जातीने तपासलं होतं. एकही शंका शिल्लक ठेवली नव्हती. लग्न वर्षभरही टिकलं नाही. त्याबद्दल त्यांना घरात कोणी चकार शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्यांना आतून खात होतं. बायको भांडली असती तर त्यांनी मुद्देसूद उत्तर दिलं असतं. मुलीने दोष दिला असता तर मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण कोणी काही बोलतच नव्हतं.

"हॉल मोठा आहे," एक दिवस ते बायकोला म्हणाले. "मधे भिंत घातली, तिला चौकट बसवली, की झाली तिची खोली."

"मग बोलवा गवंडी."

गवंडी आला, हॉलभर फिरला, "उद्या येतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच. दुसऱ्याला बोलावलं. तोही उद्या येतो म्हणूनच गेला. तिसऱ्याला बोलवायला म्हणून हेडक्लार्क बाहेर पडले आणि वाटेत तंत्रशाळेच्या फाटकापाशी थबकले. तिथे पाटी होती. प्रौढांसाठी अल्पमुदतीचे बांधकाम वर्ग. शनिवार-रविवार. भाग एक, वीटकाम.

हेडक्लार्कांनी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचली. स्थळ शोधायचं काम त्यांनी डोक्याने केलं होतं. हे काम हाताने करायचं असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

वर्गात सगळेच पिकल्या केसांचे होते. आयुष्यभर खुर्चीवर बसून पाठीचा काटा ढिला झालेले. हेडक्लार्कांच्या जोडीला दाताचे डॉक्टर आले. मुलाने दवाखाना ताब्यात घेतल्यापासून त्यांच्या हातांना काम नव्हतं आणि घरात त्यांचं तोंड उघडणं कोणाला आवडत नव्हतं. शिकवायला होते मास्तर. उंच, खांदे पडलेले, आणि चेहरा असा की नुकतेच कोणाला तरी पोचवून आले असावेत.

"ही थापी," मास्तर म्हणाले. "हा ओळंबा. हा माल. माल पसरा, वीट ठेवा, ओळंबा बघा. वाकडी असेल तर काढा. सरळ असेल तर पुढची ठेवा."

"आणि मग?" दाताच्या डॉक्टरांनी विचारलं.

"मग उद्या संध्याकाळी पाडा."

कोणाला खरं वाटलं नाही, पण रविवारी संध्याकाळी मास्तरांनी खरोखरच शिट्टी वाजवली. शनिवार-रविवार घाम गाळून उभ्या केलेल्या भिंती सगळ्यांनी आपापल्या हातांनी पाडल्या, विटा खरवडून रचून ठेवल्या आणि माल कोपऱ्यातल्या मोठ्या पिंपात परत टाकून त्यावर ओलं पोतं पसरलं. पुढच्या शनिवारी तोच माल, त्याच विटा. हेडक्लार्कांना पाडताना गलबलून आलं, पण ही काटकसर त्यांना मनापासून पटली. त्यांच्या कचेरीतही एकच काम वर्षानुवर्षं फिरत असे आणि त्यावर सगळ्यांचं पोट चालत असे.

काही आठवड्यांत हेडक्लार्कांचा हात असा बसला की मास्तर त्यांच्या भिंतीसमोर पाडायच्या आधी क्षणभर उभे राहू लागले. वीट कशी ठेवायची, थर कसा चढवायचा, चौकटीजवळ कोपरा कसा जुळवायचा, सगळं जमलं. फक्त माल कालवायला कोणी शिकवलं नाही, कारण माल पिंपात तयारच असायचा. हेडक्लार्क अर्धवट माहितीवर विसंबणारे नव्हते. शेवटच्या दिवशी त्यांनी कोठारातल्या माणसाला गाठलं.

"या मालात काय काय असतं हो?"

"वाळू नि चुना. आणि पाणी."

"बस?"

"बस. आणखी काय पाहिजे?"

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क विटांच्या दुकानात उभे होते. विटा सांगितल्या, वाळू सांगितली, चुना सांगितला.

"सिमेंट किती पोती देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"सिमेंट नको. आम्ही सिमेंट वापरत नाही."

दुकानदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, आवाजात इतका ठामपणा. "जुन्या पद्धतीचं काम दिसतंय," तो जरा आदराने म्हणाला.

"रीतसर शिकून आलोय," हेडक्लार्क म्हणाले.

भिंत उभी राहायला बरेच दिवस लागले. मुलगी तेवढे दिवस आईजवळ झोपायची आणि दिवसा दाराच्या फटीतून बापाकडे बघायची. हेडक्लार्क एकेक वीट अशी ठेवायचे की जणू ती झोपलेली आहे आणि जागी व्हायला नको. वीट ठेवली की ओळंबा. ओळंबा पाहिला की पुन्हा ओळंबा. सुतार आला, त्याने चौकट जमिनीला आणि वरच्या तुळईला घट्ट बसवली, दार लावलं आणि जाता जाता भिंतीला बोट लावून म्हणाला, "साहेब, माल ओला दिसतोय अजून."

"सुकेल," हेडक्लार्क म्हणाले.

दाताच्या डॉक्टरांनी फोनवरून आठवण करून दिली की नव्या भिंतीला पाणी मारावं लागतं. हेडक्लार्कांनी बादलीभर पाणी मारलं. भिंतीतून पांढुरका ओघळ निघाला आणि हॉलभर पसरला.

"भिंतीला घाम फुटलाय," बायको फडकं घेऊन बसत म्हणाली.

"नवी आहे. होतं असं."

शेवटी मुलीला खोली दाखवायचा दिवस आला. ती आत गेली. तिने भिंतीवरून हळूच हात फिरवला, एक डोळा मिटून वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सरळ आहे हो, बाबा," ती म्हणाली.

परत आल्यापासून तिने बापाला उद्देशून म्हटलेलं हे पहिलं चांगलं वाक्य. हेडक्लार्क तडक न्हाणीघरात गेले आणि त्यांनी नळ सोडला.

बाहेर आले ते वेगळेच माणूस होऊन. त्यांनी तिथल्या तिथे नियम केला की मुलीच्या खोलीत तिने बोलावल्याशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही, आईनेसुद्धा. खोली तिची म्हणजे तिची.

आठवड्याभराने तंत्रशाळेचं प्रशस्तिपत्र आलं. वीटकामात उत्तम. हेडक्लार्कांनी ते काचेच्या चौकटीत बसवलं आणि हॉलच्या बाजूने भिंतीवर लावायला हातोडी घेतली. विटांच्या मधल्या सांध्यात खिळा टेकवला, हातोडी उगारली, आणि पाहतात तर खिळा आत गेलेला. हातोडी हवेतच. क्षणभर त्यांना आपल्या हातचं काम इतकं मऊ निघाल्याचं कौतुकच वाटलं. मग त्यांनी खिळा ओढला. खिळ्यामागून वाळूची बारीक धार लागली आणि खाली ठेवलेल्या प्रशस्तिपत्राच्या काचेवर तिचा छोटासा ढीग झाला.

हेडक्लार्कांनी भोकावर बोट दाबून धरलं. मग त्यांनी भोकात कापूस कोंबला, चपला घातल्या आणि तंत्रशाळा गाठली.

मास्तर एकटेच पिंपावर पोतं पसरत होते.

"मास्तर, आपला माल सुकायला किती दिवस लागतात?"

"कुठला?"

"हा. पिंपातला."

"तो सुकतो. धरत नाही."

"म्हणजे उशिरा धरतो?"

"म्हणजे धरत नाही. धरू नये म्हणूनच तसा करतात, साहेब. धरला तर रविवारी पाडणार कसा? विटा कशा सुटणार?" मास्तरांनी वर पाहिलं. "का? कुठे वापरलात?"

"घरी."

"किती उंच?"

"छतापर्यंत."

मास्तर पिंपाच्या काठावर टेकले. "सिमेंट भाग दोनमध्ये असतं," ते म्हणाले. "मी सांगायला पाहिजे होतं. पण खरं सांगू का, इथून शिकून कोणी काही बांधतं हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. लोक येतात, थापी हातात घेतात, जरा बरं वाटतं, घरी जातात. मी स्वतः कित्येक वर्षांत उभी राहिलेली भिंत बांधलेली नाही. बायको विचारते, आज काय केलंत? मी सांगतो, पाडलं."

मास्तरांनी पोत्याचा कोपरा नीट केला.

"ओळंब्यात आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"सूतभरही इकडेतिकडे नाही."

"मग राहील उभी. धक्का लागला नाही तर. दार आपटलं नाही तर."

हेडक्लार्क घरी आले ते जवळजवळ पळतच. भिंत उभी होती. दार अर्धवट उघडं होतं आणि आत मुलगी केरसुणीने काहीतरी झाडत होती. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि हलक्या आवाजात, पण हसऱ्या चेहऱ्याने म्हणाली, "बघितलंत का? रोज सकाळी उठून खोली झाडते हल्ली. स्वतःहून. दिवाणावरून उठायची नाही पोर, आता हातपाय हलवायला लागली. तुमच्या भिंतीनं जादू केली बाई."

सांगायचं म्हणून उघडलेलं तोंड हेडक्लार्कांनी मिटलं. पोरीला जगात एकच गोष्ट उभी दिसत होती आणि तीही खोटी आहे हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

तेव्हापासून घरात नवे कायदे आले. मिक्सर बंद. चटणी पाट्यावर, आणि पाटा मागच्या अंगणात. कपडे आपटून धुवायचे नाहीत. फोनची घंटा बंद. बायकोला शिंक आली की तिने पदर तोंडाला लावून बाहेर धावायचं. वरच्या मजल्यावर जाऊन हेडक्लार्कांनी तिथल्या मुलांना दोरीवरच्या उड्या मारू नका म्हणून हात जोडून विनवलं. बाहेरून मोठी गाडी गेली की ते हातातलं काम टाकून भिंतीशी जाऊन उभे राहत, दोन्ही तळवे विटांवर टेकवून. बायकोला वाटलं, लेकीच्या दुःखाने माणूस खचला. ती देवासमोर जरा जास्त वेळ बसू लागली, घंटा न वाजवता.

एक गोष्ट मात्र हेडक्लार्कांना लागायची. ज्या दारासाठी एवढा खटाटोप, ते दार मुलगी लावतच नसे. सदा अर्धवट उघडं. हायसंही वाटायचं आणि वाईटही. नाही आवडली तिला खोली, असं म्हणून ते रात्रभर कुशी बदलत, अर्थात हळूच.

त्यात एका दुपारी मुलीची आत्या आली. हेडक्लार्कांची थोरली बहीण. अंगाने भरलेली, आवाजानेही. बसायच्या आधी कुठेतरी पाठ टेकायची तिची सवय.

"ताई, तिथे नको, इथे खुर्चीवर बस."

"खुर्ची नको मला. कंबर धरते. खाली सतरंजी टाक, भिंतीला टेकून बसते."

"भिंतीला टेकू नकोस!"

"का? ओली आहे का?"

"नाही. म्हणजे आहे. म्हणजे रंग..."

"रंग कुठे दिलायस?" आत्याने भिंतीकडे पाठ केली. "अरे, माझ्या टेकण्यानं तुझी भिंत पडणार आहे का?"

हेडक्लार्क बहीण आणि भिंत यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले. नेमक्या त्याच वेळी अर्धवट दारातून मुलगी बाहेर आली, हातात दोन उशा घेऊन. "आत्या, इकडे बसा ना दिवाणावर," ती लगबगीने म्हणाली. "उशा आणल्यात. इकडे वारा आहे." आणि तिने आत्याला हाताला धरून भिंतीपासून लांब नेऊन बसवलं. आत्या जाताना दारात बायकोच्या कानात म्हणाली, "पोरगी सावरली गं. पण याचं डोकं ठिकाणावर दिसत नाही. डॉक्टरला दाखवून घे."

डॉक्टर आलेच, पण दाताचे. हेडक्लार्कांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. मुलगी तेव्हा न्हाणीघरात होती. डॉक्टरांनी एका विटेला बोटाने हळूच टिचकी मारली, कान लावून ऐकलं, दोन बोटांत धरून ती हलवून पाहिली.

"मुळं धरलेलीच नाहीत," ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "सगळ्याच काढाव्या लागतील."

"कधी?"

"दिवसभर कोणी नसेल तेव्हा. एका दमात. मी येतो."

आणि तशी वेळ आली. परत आल्यापासून पहिल्यांदाच मुलगी एका मैत्रिणीकडे जायला निघाली. संध्याकाळी येते म्हणाली. दारातून मागे वळून तिने खोलीकडे असं पाहिलं की जणू तान्हं मूल घरी ठेवून चाललीय. "आई, दार जोरात लावू नकोस हं," ती म्हणाली आणि गेली.

ती वळणाआड होताच सिमेंटची पोती आली, डॉक्टर आले, आणि आता बायकोला सांगणं भाग पडलं.

"भिंत पाडायचीय."

"कोणती भिंत?"

"ही."

बायकोने सगळं ऐकून घेतलं. वाळू, चुना, पिंप, खिळा. तिचा चेहरा लाल होत गेला. "म्हणजे ही एवढे दिवस नुसती रचून ठेवली होती?" ती म्हणाली, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तुम्हाला एक स्थळ धड बघता आलं नाही, एक भिंत धड बांधता..."

तिने तोंडावर हात ठेवला. डॉक्टर सिमेंटचं पोतं वाचू लागले. हेडक्लार्कांना मात्र छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. कोणीतरी बोललं एकदाचं.

"खरं आहे," ते म्हणाले. "अगदी खरं आहे तुझं."

डॉक्टरांनी कोट काढला, हॉलच्या मधोमध सिमेंट आणि वाळूचा मोठा ढीग केला आणि मोठ्या उत्साहाने सगळाच्या सगळा माल एकदम कालवून टाकला. मग सामान बाजूला करायला म्हणून हेडक्लार्क स्वतःच केलेला नियम मोडून मुलीच्या खोलीत शिरले आणि जागच्या जागी थांबले.

आतून कपाट भिंतीला भिडवलेलं होतं. ते एवढं जड की आणताना दोन हमाल लागले होते. पलंग आडवा करून त्याचा काठ विटांना लावलेला. इस्त्रीची फळी तिरपी टेकवून खाली तिला पाटाची पाचर. आणि खालपासून वरपर्यंत, जिथे जिथे वाळू सुटली होती त्या प्रत्येक सांध्यात, जाड कागदाच्या घड्या दाबून बसवलेल्या. हेडक्लार्कांनी एक घडी ओढून काढली. सोनेरी काठ. लग्नपत्रिका. कमी पडू नयेत म्हणून त्यांनीच जास्तीच्या छापून घेतल्या होत्या. उरलेला गठ्ठा माळ्यावर पडून होता.

डॉक्टर मागून डोकावले. "कोणीतरी फिलिंग केलंय," ते म्हणाले. "आणि काम फार चांगलं आहे."

हेडक्लार्कांनी हातातली पत्रिका बादलीत टाकली. दोघांनी पाडायला सुरुवात केली. पाडण्यात दोघांचाही हात बसलेला होता. विटा पटापट निघाल्या, पत्रिका बादलीत पडल्या, आणि भिंत कंबरेइतकी उरली असताना बाहेरचं दार उघडलं. मुलगी आत आली. मैत्रिणीकडे तिचं लक्षच लागलं नव्हतं.

"पाडली?" ती दारातच म्हणाली.

"बेटा, ऐकून घे. ती भिंत..."

"उभी होती ना!" ती ओरडली. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडल्याचा आवाज आला. "उभी होती! रोज सकाळी उठून मी सांधे भरत होते. वाळू झाडत होते. ते कपाट एकटीनं सरकवलं मी! गाडी गेली की आतून हात लावून उभी राहायचे. आणि तुम्ही पाडली?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. आरसा लावायला गेले तर खिळा बोटानंच आत गेला."

"मग बोलली का नाहीस?"

मुलगी विटांच्या ढिगावर बसली. "रडायला म्हणून खोली मागितली होती," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "दार एकदाही लावलं नाही. लावलं असतं तर भिंत पडली असती. रडायची पण भीती. हुंदका जोरात आला तर? सारखं तिच्याकडेच लक्ष. म्हटलं, बाबांनी माझ्यासाठी केलेली एक तरी गोष्ट टिकू दे."

हेडक्लार्कांच्या हातातली थापी खाली पडली. मुद्देसूद उत्तरं त्यांनी कितीतरी महिने मनात जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"माझं चुकलं गं," ते म्हणाले. "ते पण चुकलं, आणि हे पण."

मुलीने मान वर केली. बायकोने पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात दाताचे डॉक्टर खाकरले.

"माफ करा," ते अजीजीने म्हणाले. "हे बोलणं व्हायलाच पाहिजे होतं. पण हा माल... हा धरायला लागलाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ढिगाचा काठ खरंच घट्ट होत चालला होता. पिंपातला माल वर्षानुवर्षं थांबला होता. न थांबणाराही माल असतो, हे डॉक्टरांना आणि हेडक्लार्कांना आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं.

"उठा!" बायको ओरडली आणि तिने पदर खोचला.

उरलेले थर भसाभस उपटून काढले. मुलगी विटा द्यायला लागली, बायको घमेली भरून आणायला लागली, डॉक्टर एका टोकाने आणि हेडक्लार्क दुसऱ्या टोकाने सुटले. "पाणी!", "वीट!", "अहो, ती उलटी आहे!", "राहू दे उलटी!" एवढीच भाषा उरली. ओळंबा लावायला कोणाला सवडच नव्हती. मधेच मुलीने बापाच्या हातातून थापी हिसकावून घेतली, कारण ते अजूनही एकेक वीट हळूच ठेवत होते. वरच्या मजल्यावरच्या बाई भांडण ऐकायला म्हणून खाली आल्या आणि शिडी धरून उभ्या राहिल्या. शेवटची वीट बसली तेव्हा ढिगातला उरलेला माल दगड होऊन फरशीला चिकटला होता, आणि तो पुढे कायम तिथेच राहिला.

हेडक्लार्क चार पावलं मागे सरकले आणि त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मधे पोट सुटलं होतं. एक कोपरा आत, एक बाहेर. सांधे कुठे बोटभर, कुठे मुळीच नाहीत. मास्तरांनी पाहिली असती तर त्यांचा हात आपोआप शिट्टीकडे गेला असता. सवयीने हेडक्लार्कांनीही पुढे होऊन वरची एक वीट काढायला हात घातला. वीट निघाली नाही.

"बाबा," मुलगी म्हणाली, "हात काढा तिथून."

आठवडाभर त्यांनी सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. ओघळ आला तो स्वच्छ. कपाट आपल्या जागी गेलं, पलंग सरळ झाला, पत्रिकांची बादली बायकोने कोणाला न विचारता कचरागाडीत उलटी केली. घरात मात्र अजून सगळे दबकतच चालत होते. अंगवळणी पडलं होतं.

मग एका दुपारी मुलगी जेवून उठली, आपल्या खोलीत गेली आणि दारापाशी थांबली. कडीला धरून तिने क्षणभर भिंतीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग दार असं आपटलं की खिडकीची तावदानं वाजली.

हेडक्लार्क आणि बायको एकदमच उभे राहिले. हेडक्लार्कांनी तळवे भिंतीवर टेकवले. भिंत हलली नाही. आतून कडी लागल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ रडणं. हुंदका नव्हे, मुसमुसणं नव्हे. एवढे महिने नळाखाली, उशीखाली आणि पत्रिकांच्या घड्यांमागे दाबून ठेवलेलं रडणं मोठ्याने, गळा काढून, मोकळं बाहेर पडत होतं.

बायको दाराकडे धावली. हेडक्लार्कांनी तिचा हात धरला.

"अहो, रडतेय ती!"

"रडू दे."

"अहो, पण किती मोठ्यानं..."

"रडू दे," हेडक्लार्क म्हणाले. त्यांचा दुसरा हात अजून भिंतीवरच होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आता सिमेंट आहे."